संग्रहालयातल्या लामणदिव्यावरून आषाढाचं चित्र : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

जुनी वस्तू समोर ठेवून ऋतूचं चित्र करायचं ठरवलं की बहुतेक जण वस्तू हुबेहूब काढतात आणि तिच्याभोवती ऋतूच्या खुणा लावून टाकतात. पावसाळा असेल तर छत्री, दिवाळी असेल तर पणत्या. अशा चित्रात वस्तू एकीकडे राहते आणि ऋतू दुसरीकडे, कारण वस्तूवर पडलेला उजेड संग्रहालयातल्या दिव्यांचाच असतो. या लेखातली सगळी खटपट एका गोष्टीसाठी आहे : आकार संग्रहालयातून आणायचा, उजेड मात्र ऋतूतून घ्यायचा.

उदाहरणासाठी पितळी लामणदिवा, म्हणजे साखळीने टांगायचा दिवा, आणि आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्याची अवस, घेतली आहे. त्या दिवशी घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर किंवा चौरंगावर मांडतात, कणकेचे गोड दिवे करतात, बाहेर पाऊस असतो. वस्तू आणि ऋतू यांचं नातं इथे मुळातच आहे, ते जुळवून आणावं लागत नाही. माध्यम जलरंग.

१. वस्तू आणि तिथी यांची जोडी ठरवा

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय या कामाला फार चांगलं आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजेच कवी अज्ञातवासी, यांनी राजेरजवाड्यांच्या खजिन्यापेक्षा घरातल्या वस्तू जमवल्या : दिवे, अडकित्ते, कुलपं, फण्या, स्वयंपाकाची भांडी. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हे संग्रहालय उभं केलं आणि पुढे ते राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. घरात वापरलेल्या वस्तूला वर्षभराचे सणवार चिकटलेले असतात, म्हणून अशा संग्रहात ऋतूचं चित्र सापडायला वेळ लागत नाही.

मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय किंवा छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय, ही ठिकाणंही चालतील. परदेशात असाल तर जवळच्या संग्रहालयातला भारतीय विभाग बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तर २०१७ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त असलेल्या वस्तूंची छायाचित्रं कोणालाही, कशासाठीही वापरायला खुली केली आहेत.

जोडी ठरवताना एकच प्रश्न विचारा : ही वस्तू या ऋतूत कोणी हातात घेतली असती का? पाणी गार ठेवणारी सुरई वैशाखात, गुलाबदाणी लग्नसराईत, दिवा आषाढ अमावास्येला किंवा कार्तिकात. उत्तर ओढूनताणून द्यावं लागत असेल तर वस्तू बदला.

२. संग्रहालयात जाण्याआधी

सोबत न्यायचं सामान :

- ओळखपत्र. विद्यार्थी असाल तर महाविद्यालयाचं पत्र
- दालनात तासाभराहून जास्त बसून रेखाटन करायचं असेल तर अभिरक्षकांच्या (क्युरेटरच्या) नावे साधा अर्ज : नाव, उद्देश, कोणतं दालन, कोणता दिवस, साधन फक्त पेन्सिल
- ए-५ आकाराची, जाड पुठ्ठ्याची रेखाटनवही
- एचबी आणि २बी पेन्सिल, मऊ खोडरबर
- फोन आणि फोटोचं शुल्क असेल तर ते भरण्यापुरते सुटे पैसे

शाईचं पेन, रंग, पाण्याची बाटली, तिपाई आणि फ्लॅश यांना बहुतेक संग्रहालयांत मनाई असते. मोठी पिशवी दाराशी ठेवून घेतात. सुट्टीचे दिवस, वेळा आणि फोटोचे नियम बदलत राहतात, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून विचारा. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर काचेसमोर निवांत उभं राहता येतं. शाळांच्या सहली साधारण दुपारी येतात.

३. दालनात काय टिपायचं

आधी फोन खिशात ठेवा आणि पाहा. लामणदिव्याचे भाग वरून खाली असे : टांगायचा आकडा, साखळी, साखळीच्या मधे किंवा शेवटी पक्षी किंवा हत्ती, त्याखाली तेलाचं उथळ तबक, तबकाच्या कडेला वाती ठेवायच्या चोची आणि तळाला लोंबता मणी. काही दिव्यांत पक्ष्याचं किंवा हत्तीचं पोट पोकळ असतं आणि त्यात तेल साठवलेलं असतं. तबकातलं तेल खाली गेलं की वरून थोडं थोडं उतरतं. असा दिवा मिळाला तर पोटाकडून तबकाकडे येणारी वाट नीट बघा. तीच चुकली तर जाणकाराला चित्रातला दिवा खोटा वाटतो.

वहीत या गोष्टी उतरवा :

माहितीपाटी. नाव, धातू, ठिकाण, काळ आणि क्रमांक असेल तर तो. धातू विशेष महत्त्वाचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ते पिवळट. कासं किंवा ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, ते तपकिरीकडे झुकतं. रंग यावरून ठरणार आहेत.

प्रमाण. हात ताठ धरून पेन्सिलीवर तबकाची रुंदी मोजा आणि तेच माप एकक धरा. पक्षी किती तबकं उंच, साखळीची एक कडी तबकाच्या कितव्या हिश्श्याची, चोच कडेबाहेर किती येते, एवढं लिहिलं की घरी कोणत्याही आकारात दिवा उभा करता येतो.

डोळ्याची पातळी. रेखाटनावर एक आडवी रेघ मारून 'डोळा इथे' असं लिहा. नवख्यांचं सर्वांत जास्त इथेच चुकतं. दालनात दिवा बऱ्याचदा उंच टांगलेला असतो, त्यामुळे तबकाचा तळ दिसतो आणि तेल दिसत नाही. घरी चित्रात मात्र वात आणि तेल दाखवायचं असतं, म्हणजे डोळा तबकाच्या वर हवा. ही दोन दृश्यं एकाच दिव्यात मिसळली की तबक मोडल्यासारखं दिसतं. शक्य असेल तर त्याच दालनात खाली ठेवलेला दुसरा दिवा वरून बघून रेखाटा. बाहेरची कड आतल्या बाजूला कशी वळते ते त्यावरून कळतं.

साखळीच्या तीन-चार कड्या, मोठ्या आकारात. साध्या साखळीत एक कडी समोरून दिसते आणि पुढची कडेने, म्हणजे जवळजवळ जाड रेघेसारखी. सगळ्या कड्या गोल काढल्या तर साखळीला वजनच येत नाही.

मग फोटो. काचेतलं प्रतिबिंब टाळायला गडद, एकरंगी कपडे घालून जा. तपशिलासाठी फोनचं भिंग काचेच्या अगदी जवळ आणा, मात्र काचेला टेकवू नका. अख्ख्या दिव्याचा फोटो मात्र दीड-दोन मीटर मागे सरून, दुप्पट झूम करून काढा. जवळून काढलेल्या फोटोत तबकाची पुढची कड फुगते आणि साखळी वर निमुळती होते. तो फोटो गिरवला की ही विकृती चित्रात उतरते, आणि रंग कितीही चांगला लावला तरी ती झाकली जात नाही.

४. उजेड घरी गोळा करा

संग्रहालयात उजेड वरून, पिवळा आणि ठिपक्यासारखा पडतो. तो इथे उपयोगाचा नाही. हवा आहे आषाढातल्या तिन्हीसांजेचा उजेड. पुण्यात जुलैत सूर्य साधारण सव्वासातला मावळतो. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं अशी असतात की खिडकीतलं निळं-करडं आभाळ आणि ज्योत यांचा जोर सारखा होतो. त्याआधी ज्योत फिकी दिसते, त्यानंतर खिडकी काळी होते.

त्या वेळी घरातला कोणताही पितळी तांब्या, समई किंवा निरांजन खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवा, शेजारी वात लावा, खोलीतले सगळे दिवे बंद करा आणि बघा :

- खिडकीच्या बाजूची चमक पिवळी नसते, ती फिकट निळसर असते.
- ज्योतीच्या बाजूची चमक नारिंगी-पिवळी असते आणि लहान असते.
- या दोन चमकांच्या मधला पितळेचा भाग वाटला होता त्याहून खूप गडद, जवळजवळ तपकिरी-काळा असतो.
- बाहेर झाडं असतील तर पितळेच्या खालच्या वळणात मंद हिरवा येतो.

दिवा घासलेला असेल तर आणखी एक गोष्ट दिसते. चिंचेने नुकतंच घासलेलं पितळ किंचित गुलाबी दिसतं, कारण आंबटाने पृष्ठभागावरचं थोडं जस्त निघून जातं आणि तांबं उघडं पडतं. आणि चिंच नक्षीच्या खाचांत पोचत नाही, तिथला काळपटपणा तसाच राहतो. अवसेचा दिवा हा असाच दाखवायचा : उठावावर गुलाबी-पिवळी झळाळी, खाचेत जुना काळोख. संग्रहालयातल्या दिव्याची गडद छटा सरसकट उचलली तर तो पूजेचा न वाटता अडगळीतला वाटेल, आणि सगळाच लखलखीत केला तर त्याचं जुनेपण जाईल.

या निरीक्षणाचा फोटोवर भरवसा ठेवू नका. फोन आपोआप रंग सुधारतो आणि निळी-पिवळी तफावत पुसून टाकतो. पेन्सिलीने चौकोन आखून शेजारी रंगांची नावं लिहिणं जास्त खात्रीचं.

५. सामान

- कागद : ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), सुती, मध्यम पोताचा. १५ × ११ इंचांचा तुकडा (३८ × २८ सेंमी)
- जाड प्लायचा बोर्ड आणि एक इंची मास्किंग टेप
- ब्रश : गोल ४, ८ आणि १२ नंबर, एक इंची चपटा. मास्किंगसाठी एक जुना, टाकाऊ ब्रश
- रंग : लेमन यलो, यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, क्रिमसन, सॅप ग्रीन
- पांढरा गुवाश (अपारदर्शक जलरंग), अगदी थोडा
- मास्किंग फ्लुइड (कागदाचा कोरा ठेवायचा भाग झाकणारं द्रव, सुकल्यावर चोळून निघतं), पाण्याची दोन भांडी, जुनं सुती फडकं

काळा रंग आणि तयार सोनेरी रंग आणूच नका. सोनेरी रंगातले चमकते कण एका कोनातून झगमगतात आणि दुसऱ्या कोनातून मातकट दिसतात, त्यामुळे त्याने कधीही पितळ दिसत नाही. पितळ दिसतं ते गडद आणि उजळ छटा एकमेकींना भिडल्यामुळे.

पावसाळ्यात कागदाची परीक्षा आधी घ्या. दमट हवेत बरेच दिवस उघड्यावर राहिलेल्या कागदाचं खळीचं अस्तर, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, बिघडतं. कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. तो क्षणभर तरी तसाच राहिला तर कागद ठीक. लगेच शोषला जाऊन गडद डाग पडला तर रंगही असेच डागाडागांनी बसतील, त्या कागदावर हे चित्र करू नका. हातकागद वापरायची हौस असेल तर खास जलरंगासाठी खळ दिलेलाच घ्या, पत्रिकांचा घेऊ नका. नवा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

६. मांडणी आणि मापं

रेखाटनवहीत ६ × ८ सेंमीचे तीन चौकोन आखा आणि प्रत्येकात फक्त तीन छटा वापरून मांडणी करून बघा : पांढरा, मध्यम, गडद. ज्या चौकोनात ज्योती लगेच दिसतात तो निवडा. दिव्यामागे गडद भिंत असेल तरच ज्योत उजळते. ज्योत खिडकीच्या चौकटीवर आली की ती हरवते.

उभ्या कागदावर पुढची मापं चालतील. दृश्य असं धरलं आहे की पाहणारा उभा आहे, दिवा त्याच्यापासून मीटरभर अंतरावर आणि डोळ्यापेक्षा फूटभर खाली आहे, मागे चौरंग आणि त्यामागे वाड्याची बसकी खिडकी.

- डोळ्याची पातळी : कागदाच्या वरच्या कडेपासून ८ सेंमी
- दिव्याची मध्यरेषा : डाव्या कडेपासून १० सेंमी
- तबकाचा मध्य : वरून २० सेंमी. तबकाची रुंदी ८ सेंमी, उंची २.४ सेंमी
- खिडकी : डावीकडून १६ ते २६ सेंमी. तिचा खालचा कट्टा वरून २४ सेंमीवर. तो तबकाच्या कडेच्या रेषेत आणू नका, नाहीतर तबक कट्ट्यावर ठेवल्यासारखं वाटतं
- चौरंगावरची निरांजनं : वरून ३४ सेंमीच्या आसपास, प्रत्येक सुमारे २ सेंमी रुंद

निरांजनाच्या तोंडाचा लंबगोल तबकापेक्षा जास्त उघडा दिसायला हवा : २ सेंमी रुंदीला १.१ सेंमी उंची. डोळ्याच्या पातळीपासून वस्तू जितकी खाली, तितकं तिचं तोंड गोल दिसतं. सगळे लंबगोल एकाच चपटेपणाचे काढले तर चौरंग हवेत उभा राहतो.

लंबगोलाची दोन टोकं कधीही टोकदार नसतात, तिथे बारीक पण गोलच वळण असतं. कागद उलटा धरून बघा, दोन्ही बाजूंतला फरक लगेच कळतो.

दिवा पाच चोचींचा धरला आहे. या चोची नेमक्या कुठे येतील याचा अंदाज सहसा चुकतो, कारण चोची प्रत्यक्षात सारख्या अंतरावर असल्या तरी चित्रात तशा दिसत नाहीत. ८ × २.४ सेंमीच्या तबकासाठी जागा अशा :

- समोरची चोच : बरोबर मध्यरेषेवर, पुढच्या कडेला
- दोन बाजूच्या : मध्यरेषेपासून ३.८ सेंमी, लंबगोलाच्या आडव्या अक्षाच्या ०.४ सेंमी खाली
- दोन मागच्या : मध्यरेषेपासून २.४ सेंमी, अक्षाच्या १ सेंमी वर

समोरची चोच आपल्याकडे येते, म्हणून आखूड आणि रुंद दिसते. बाजूच्या दोन सर्वांत लांब दिसतात. मागच्या दोघींचं फक्त टोक कडेवरून डोकावतं.

साखळी काढताना आधी मध्यरेषा पट्टीने आखा. टांगलेली वस्तू अर्धा अंशही कललेली चालत नाही, बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी ते खुपतं.

७. कागदावर उतरवणं

रेखाटन साध्या कागदावर पूर्ण करा, खाडाखोड तिथेच उरका. मग मागून २बी पेन्सिल घासून किंवा खिडकीच्या काचेवर धरून ते चांगल्या कागदावर उतरवा. जलरंगाचा कागद खोडरबराने घासला की तंतू उठतात आणि तिथे रंग गडद बसतो. पितळेच्या गुळगुळीत भागावर असा डाग लपत नाही.

कागदाच्या चारही कडा टेपने बोर्डवर पक्क्या करा. आता मास्किंग फ्लुइड. जुना ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून मग त्यात घाला, म्हणजे केस चिकटणार नाहीत. फक्त एवढंच झाका : पाच ज्योती, तबकाच्या कडेवरची एक लांब चमक, पक्ष्याच्या पाठीवरची एक, तळाच्या मण्यावरचा एक ठिपका. चमका जास्त झाल्या की पितळ प्लॅस्टिकसारखं दिसतं.

इथे पावसाळ्यातले तीन धोके लक्षात ठेवा. कागद ओलसर असताना फ्लुइड लावलं तर काढताना कागद सोलून निघतो. वरून ड्रायरची गरम हवा मारली तर ते कागदात घट्ट बसतं. आणि दोन-तीन दिवस तसंच ठेवलं तर चिकट होऊन पिवळा डाग सोडतं. सकाळी लावा, संध्याकाळपर्यंत काढा.

८. मागचा पाऊस

खिडकीचा भाग स्वच्छ पाण्याने एकसारखा ओला करा. पाण्याची चकाकी मावळून कागद मंद ओला दिसू लागला की अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना मिसळून केलेला करडा वरून सोडा. बोर्ड तीस-चाळीस अंश तिरपा ठेवा, म्हणजे रंग स्वतःच खाली ओघळेल. खालच्या भागात सॅप ग्रीन, पण तो बर्न्ट सिएनाने दाबलेला. ट्यूबमधला हिरवा तसाच लावला तर पावसातली झाडं रंगवलेल्या पत्र्यासारखी दिसतात.

पावसाच्या तिरप्या रेघा ओढू नका. पाऊस दिसतो तो मागचं फिकं पडल्यामुळे : जवळचं झाड गडद, त्यामागचं धूसर, त्यापलीकडचं जवळजवळ आभाळाच्याच रंगाचं. थर मंद ओला असतानाच चपटा ब्रश पिळून कोरडा करा आणि वरून खाली दोन-तीन पट्ट्यांत रंग उचलून घ्या. तेवढ्याने सरींचा पडदा तयार होतो. कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या हव्या असतील तर अगदी शेवटी, गुवाशच्या चार-पाच तुटक रेघा, गडद झाडासमोर.

भिंत वेगळी रंगवा : बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन, दिव्याच्या मागे सर्वांत गडद. ज्योतींच्या भोवती सुमारे अडीच सेंमीचा भाग आधी ओला करून त्यात पातळ रॉ सिएना सोडा आणि बाहेरून येणारा गडद रंग त्यात हळूच मिसळू द्या. या वलयाची कड कुठेही धारदार राहता कामा नये.

थर पूर्ण सुकू द्या. उन्हाळ्यात दहा मिनिटांत सुकणारा थर जुलैत अर्धा तास ओला राहू शकतो. तळहाताची मागची बाजू कागदाला लावा, गार लागला तर आत ओल आहे. ओलीवर दुसरा थर दिला की कोबीच्या पानासारख्या कडा उमटतात. त्या नंतर घासून जात नाहीत. ड्रायर लावायचा तर एका फुटावरून आणि फक्त मास्किंग नसलेल्या भागावर.

९. पितळ : तीन थर

रंगाचा दाटपणा ओळखायला ही खूण पुरेशी आहे : पहिला थर कोऱ्या चहाइतका, दुसरा दुधाइतका, तिसरा सायीइतका.

*पहिला.* रॉ सिएना आणि चिमूटभर लेमन यलो. पूर्ण दिव्यावर द्या. ओला असतानाच खिडकीच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, अतिशय पातळ अल्ट्रामरीन कडेने सोडा आणि उठावांवर बर्न्ट सिएनाचा हलका गुलाबी स्पर्श करा. निळा पिवळ्याच्या मध्यापर्यंत पोचू देऊ नका, हिरवं पितळ होईल.

*दुसरा.* यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना. इथे एक गोष्ट मुद्दाम शिकावी लागते. मातीच्या मडक्यावर छाया हळूहळू गडद होते, धातूवर ती उडी मारते. तबकाच्या कडेवर लख्ख रेघ आणि तिला लागूनच गडद पट्टा, मधे काहीही नाही. म्हणून या थराच्या कडा पाण्याने मऊ करण्याचा मोह आवरा. साधारण दोन तृतीयांश कडा धारदार ठेवा, उरलेल्या मऊ करा. मऊ कडा पक्ष्याच्या पोटावर आणि तळाच्या मण्यावर, धारदार तबकावर आणि साखळीवर.

*तिसरा.* बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन, चार नंबरच्या ब्रशच्या टोकाने. नक्षीच्या खाचा, कड्यांच्या आतल्या फटी, चोच आणि तबक जुळतात ती रेघ. सर्वांत गडद भाग तबकाच्या बरोबर खाली. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण इथे शब्दशः खरी आहे : ज्योत तबकाच्या कडेवर असते, तबक उजेड अडवतं, आणि त्याचा तळ व खालचा मणी अंधारात जातो. नवखे लोक दिवा उजळ म्हणून तळही पिवळा रंगवतात आणि मग ज्योतीचा सगळा जोर जातो. तळाला मिळतो तो फक्त खिडकीचा निळसर उजेड आणि चौरंगावरच्या निरांजनांचा मंद नारिंगी परतावा.

तेल विसरू नका. तबकातलं तेल म्हणजे आडवा, शांत पृष्ठभाग. त्यात ज्योतीचं उभं प्रतिबिंब पडतं. रॉ सिएनाच्या गडद थरावर ओल्या ब्रशने एक पट्टा उचलला की तेल दिसू लागतं.

१०. ज्योत

सगळं सुकल्यावर बोटाने चोळून मास्किंग काढा. ज्योतीचा गाभा कोरा कागदच राहू द्या. कडेने लेमन यलो, टोकाशी यलोमध्ये किंचित क्रिमसन घालून केलेला नारिंगी, वातीजवळ तळाला अल्ट्रामरीनचा एक पातळ स्पर्श. वात स्वतः बर्न्ट अंबरची बारीक रेघ. पाचही ज्योती सारख्या उंचीच्या आणि सरळ काढू नका. खिडकी उघडी आहे, पावसाचा वारा आत येतो आहे, तेव्हा त्या खिडकीपासून दूर, डावीकडे झुकतात, आणि सगळ्या एकाच दिशेने झुकतात. एवढ्या एका झुकावाने बाहेरचा पाऊस आणि आतला दिवा जोडले जातात.

११. चौरंगावरची मांडणी

इथे कमीच ठेवा. घासलेली दोन निरांजनं, कणकेचे दोन-तीन दिवे, आघाडा आणि दूर्वा. कणकेचे दिवे यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनात, गूळ घातलेला असल्याने तपकिरीकडे झुकणारे. त्यांना धातूची चमक नको, छाया हळूहळू उतरणारी हवी. पितळेच्या शेजारी हा मऊ पृष्ठभाग आला की पितळ आणखी पितळी दिसतं. आघाड्याची पानं देठावर समोरासमोर जोडीने येतात, देठ किंचित लालसर. दूर्वांची जुडी म्हणजे हिरवा पुंजका नव्हे, तीन-चार पाती स्पष्ट काढा आणि बाकीची गडद ठेवा. सोनटक्क्याचं एखादं पांढरं फूल चालेल, पण ते ज्योतीइतकं पांढरं नको. त्यावर निळ्या-करड्याचा पातळ थर हवाच.

१२. श्रेय, परवानगी, जपणूक

चित्राच्या मागे आणि कुठेही दाखवताना एक ओळ लिहा : 'प्रेरणा : लामणदिवा, पितळ, राजा दिनकर केळकर संग्रहालय, पुणे', आणि पाटीवर असेल तर काळ व क्रमांक. शतकापूर्वीच्या दिव्यावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नसतो, पण संग्रहालयाने प्रसिद्ध केलेल्या त्याच्या छायाचित्रावर असू शकतो. भारतात छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. स्वतःच्या रेखाटनावरून आणि फोटोवरून काम केलंत तर हा प्रश्न येत नाही. मात्र काही संग्रहालयं फोटोची परवानगी फक्त वैयक्तिक वापरापुरती देतात. चित्र विकायचं किंवा शुभेच्छापत्रावर छापायचं असेल तर अभिरक्षकांना आधीच लेखी विचारा.

चित्र पूर्ण झाल्यावर लगेच फ्रेम करू नका. कागदात अडकलेली ओल काचेमागे राहिली की काही आठवड्यांत बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. टेप सोडवताना ती चित्रापासून बाहेरच्या दिशेला, कागदाला लगटून हळू ओढा. मग चित्र दोन कोऱ्या कागदांमध्ये, वजनाखाली, कोरड्या कपाटात आठवडाभर ठेवा. फ्रेमवाल्याकडे आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) मागा, माउंटची जाडी दोन मिलिमीटर तरी असू द्या म्हणजे काच रंगाला टेकणार नाही, आणि पाठीमागे साधा पुठ्ठा लावू देऊ नका. बाहेरच्या भिंतीवर, जिथे पावसाळ्यात ओल चढते, तिथे हे चित्र टांगू नका. आतली भिंतच निवडा आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहील.